मामांच्या पानाची चौतीस दारं

केबल कंपनीची मागची खोली,
सहाव्या महिन्याची पंचवीस तारीख (आपल्या जुन्या पंचांगाप्रमाणे)

तीर्थरूप मामा यांस,

चिंग-युआनचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग हा शब्द सवयीने लिहिलेला नाही. सर्व्हरच्या खोलीतल्या फरशीवर खरोखर आडवा पडून पत्र लिहायला घेतलं होतं, पण तिथली थंडी तुम्हाला माहीत आहे. दोन ओळींत बोटं आखडली, म्हणून उठून टेबलाशी आलो. भावना तीच समजावी.) तुमचा डावा गुडघा आता कसा आहे? मामींचा रक्तदाब आवरला का? तुमच्या ताइतुंगच्या डोंगरात यंदा ऊन फार आहे असं ऐकतो. सीताफळाच्या एकेका फुलाला कुंचल्याने पराग लावत फिरावं लागतं, हेही ऐकलं. ज्या माणसाने छत्तीस वर्षं या बेटावरच्या तारा जोडल्या तो आता फुलांची लग्नं जुळवतोय, हे ऐकून ऑफिसातले सगळे हसले, मीही हसलो. त्या हसण्याबद्दलही या पत्रातच माफी मागून ठेवतो, म्हणजे पुन्हा वेगळं लिहायला नको. इकडे सर्व कुशल आहे. हे वाक्य पत्रात लागतं म्हणून लिहिलं. खरी हकीकत आता पुढे लिहितो.

मामा, तुमचं इंटरनेटवरचं भरती-ओहोटीचं पान या महिनाअखेर तुम्ही बंद करणार आहात, कारण ते आता कोणी बघत नाही असं तुम्हाला वाटतं. लोक बघत होते. निदान बघायला येत तरी होते. मीच त्यांना दारातून परत पाठवत होतो, अठरा दिवस, सकाळ-संध्याकाळ, आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. फोन करून हे सांगता आलं असतं, पण फोनवर मी बहाणे फार सुंदर करतो हे तुम्ही ओळखून आहात. शिवाय चूक हाताने, कागदावर, तारीख घालून लिहायची हा आपल्या ऑफिसात तुम्हीच घालून दिलेला नियम. मागे एकदा मी वीज-पुरवठ्याची चुकीची वायर उपटली होती, तेव्हा तुम्ही माझ्याकडून सहा पानं लिहून घेतली होती आणि मग पहिलं पान परत देऊन म्हणाला होतात, 'यात हवामान फार आहे.' या वेळी हवामान कमी ठेवायचा प्रयत्न करतो.

सुरुवात तुमच्या चिठ्ठ्यांपासून करायला हवी. सर्व्हरच्या कपाटाच्या दारावर तुम्ही चिकटवलेल्या एकोणीस चिठ्ठ्या अजून तिथेच आहेत. कडा पिवळ्या पडल्यात, दोन-तीन गळूनही गेल्या होत्या, त्या मी पुन्हा चिकटवल्या. (हे माझ्या बाजूने नोंदवून घ्यावं, कारण माझ्या बाजूने लिहिण्यासारखं या पत्रात दुसरं काही नाही.) सातव्या चिठ्ठीत लिहिलंय: 'एका नावासाठी जास्तीत जास्त शंभर दारं. खाली आणू नको. का, ते विचारायचं असेल तर मला फोन कर.' पाच वर्षांत मी तो फोन केला नाही. तुमच्या निवृत्तीच्या जेवणाच्या वेळी, ज्वारीच्या दारूचा तिसरा पेला हातात घेऊन, गोल टेबलावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणालो होतो की मामा, सर्व्हर आता चिठ्ठ्यांवर चालत नाहीत. सगळे हसले. तुम्हीही हसलात आणि माझ्या ताटात माशाचा गालाकडचा तुकडा वाढलात. दुसऱ्या दिवशी किल्ल्या टेबलावर ठेवून, न्याहारी न करता तुम्ही बोटीवर चढलात. तो तुकडा मी खाल्ला होता, मामा, आणि चवीने खाल्ला होता. असं बोललेल्या माणसाने चार महिन्यांनी फोन करून 'शंभर का?' असं कोणत्या तोंडाने विचारायचं? म्हणून विचारलं नाही, आणि मग न विचारण्याचीच सवय झाली.

पीडा सुरू झाली ती बंदरावरून. तिथल्या लोकांनी बोटींवर नजर ठेवायला कुठलेसे स्वस्त कॅमेरे घाऊक आणले, चाळीसेक असतील. त्या कॅमेऱ्यांच्या आत काय किडे शिरले देव जाणे, पण सहाव्या महिन्याच्या सुरुवातीपासून ते सगळे मिळून आपल्या सर्व्हरला अस्तित्वात नसलेली नावं विचारायला लागले, तीही अशी की एकेका नावापायी सर्व्हरने गावभर वणवण करावी. सर्व्हर बिचारा तुमच्यासारखाच, विचारलंय तर शोधलंच पाहिजे या स्वभावाचा. तो शंभर दारं ठोठावून हात हलवत परत यायचा आणि तोवर दारात आणखी दोनशे प्रश्न उभे. खऱ्या माणसांची नंबर लागायची वाट बघण्यात दमछाक व्हायची. त्यात अठरा तारखेला वांगये देवाचा वाढदिवस, मिरवणूक, आणि परगावी गेलेल्या अर्ध्या बेटाला घरबसल्या ती दाखवण्याचं काम आपल्या कंपनीकडे. देवस्थान समितीचे अध्यक्ष कोण, तर आपल्या कंपनीचेच होंग साहेब. साहेब दिवसातून नऊ वेळा माझ्या खोलीत येऊन सर्व्हरकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघायचे, आणि त्यांना दोघांतला कोण जास्त बिघडलाय ते ठरवता येत नव्हतं.

तुम्हाला हे समजावायची गरज नाही, पण होंग साहेबांना मी कसं सांगितलं ते लिहितो, कारण घोळ त्या सांगण्यातच झाला. मी म्हणालो, साहेब, कोणी इंटरनेटवरच्या एखाद्या पानाचं नाव टाकून त्याचा पत्ता विचारला की आपला सर्व्हर पहिल्या दारावर जातो. तिथे म्हणतात, आम्हाला नाही माहीत, पण त्या गल्लीत विचारा. त्या गल्लीत म्हणतात, त्याने नाव बदललंय, आता तमक्या नावाने राहतो, त्याचा पत्ता त्या पलीकडच्यांना. असं विचारत विचारत शेवटी घर सापडतं. मोठ्या, रोजच्या नावांना दोन-तीन दारं पुरतात, कारण आधी कुणीतरी विचारलेलं असतं आणि ते आठवणीत असतं. आपण फक्त एवढं करू, एका नावासाठी किती दारं ठोठावायची ती मर्यादा खाली आणू, म्हणजे या कॅमेऱ्यांच्या खुळचट प्रश्नांवर सर्व्हर लवकर हात टेकेल आणि मोकळा होईल. साहेबांना हे एकदम पटलं. म्हणाले, "अरे, आत्ता शंभर आहे? शंभर दारं कशाला? एवढं विचारूनही ज्याचा पत्ता लागत नाही त्याच्याकडे जायचंच कशाला माणसाने?" मामा, मीही मान डोलावली. डोलावताना तुमची सातवी चिठ्ठी माझ्या नाकासमोर वीतभर अंतरावर होती.

आता मर्यादा किती ठेवायची हा प्रश्न उरला. मी पंचाहत्तर म्हणालो, ते वीस म्हणाले. बोलाचाली वाढली तेव्हा साहेबांनी टेबलावर हात आपटून जाहीर केलं की हा आकडा देवाच्या मिरवणुकीसाठी आहे, तर देवालाच विचारू. (तुम्ही हसाल. पण तुम्ही स्वतः मुख्य तार कुठल्या रस्त्याने न्यायची यासाठी कौल लावला होता, ही गोष्ट देवळातल्या बी-युन काकू अजून सांगतात.) सहा तारखेला दुपारच्या जेवणानंतर आम्ही दोघं देवळात गेलो. साहेबांनी उदबत्त्या लावल्या, लाकडाच्या त्या दोन चंद्रकोरी हातात घेतल्या, आणि मी कागद घेऊन शेजारी उभा, जणू काही हे सगळं नियमपुस्तकात लिहिलेलं आहे. पंचाहत्तर विचारलं, दोन्ही चंद्रकोरी पालथ्या, नकार. पन्नास विचारलं, दोन्ही उताण्या, म्हणजे देव हसला. चाळीस, पुन्हा हसला. मग तीस विचारलं, आणि एक उताणी, एक पालथी. होकार. पुन्हा टाकल्या, होकार. तिसऱ्यांदा टाकल्या, होकार. सलग तीन! साहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. देवळात झाडू मारणाऱ्या आणि उदबत्त्या विकणाऱ्या बी-युन काकू तेवढ्यात काहीतरी म्हणायला पुढे आल्या होत्या, पण साहेब इतक्या घाईने बाहेर पडले की त्यांचं बोलणं झाडूसकट हवेतच राहिलं. तासाभरात मी मर्यादा तीसवर आणली. साहेबांनी लाल कागदावर सोनेरी शाईने 'तीस' लिहून आणलं आणि नेमकं तुमच्या सातव्या चिठ्ठीवर चिकटवलं. मी त्यांना डिंक दिला.

आणि पीडा गेली, मामा! त्याच संध्याकाळी सर्व्हर मोकळा श्वास घ्यायला लागला. मिरवणूक अशी झकास दिसली की काओश्युंगहून, तैपेईहून लोकांचे फोन आले. साहेबांनी भर समितीत माझी पाठ थोपटली. त्या आठवड्यात मी ऑफिसात जरा छाती पुढे काढूनच चालत होतो आणि मनातल्या मनात तुम्हाला दाखवत होतो की बघा, चिठ्ठीशिवाय जमलं.

फक्त एका माणसाची तक्रार होती, आणि ती म्हणजे आईची. आठ तारखेला मी घरी जेवत असताना ती म्हणाली, "तुझं इंटरनेट बिघडलंय." मी म्हणालो, बिघडलेलं होतं, आता मी दुरुस्त केलंय. ती म्हणाली, "मग तू ते बिघडवलंयस." मी तिचा टॅबलेट घेतला आणि एकेक उघडून दाखवलं. बातम्या उघडतात, तिचा तो रडारडीचा ऑपेरा उघडतो, हवामान उघडतं. मी विचारलं, "काय उघडत नाही ते तरी सांग." ती म्हणाली, "सगळंच." मी म्हणालो, "अगं, सगळं तर उघडतंय." त्यावर तिने टॅबलेट माझ्या हातातून काढून घेतला आणि 'मग नसेल बिघडलं' म्हणून भाताचं भांडं घासायला लागली. ते भांडं आधीच घासलेलं होतं. मी मात्र हुशार माणसासारखा, या वयात बोट नेमकं हवं तिथे पडत नाही, स्क्रीनला घाबरू नये, यावर तिला चांगलं दहा मिनिटं व्याख्यान दिलं. तिला अक्षरं मोठी करून दिली. त्या व्याख्यानातलं एकेक वाक्य मला आता परत गिळायचं आहे, पण बोललेलं परत घेता येत नाही.

सोळा तारखेला, मोठ्या ओहोटीच्या पहाटे, आई आणि बी-युन काकू नेहमीप्रमाणे देवळामागच्या खडकांत कालवं काढायला गेल्या. साडेसातला आई परत आली ती छातीपर्यंत भिजलेली. बादली नाही, लोखंडी हूक नाही, एका पायात रबरी बूट आणि दुसरा पाय अनवाणी, अंगठ्यातून रक्त येतंय. मी ओरडलोच. ती एवढंच म्हणाली, "लाट आली." मामा, देवळामागे लाटा येत नाहीत. तिथे पाणी गुपचूप पाठीमागून येतं, बंदरापेक्षा वीस-पंचवीस मिनिटं आधी, आणि परतीची वाट बुडवतं. हे मला तुम्हीच मी नऊ वर्षांचा असताना, माझी मान धरून, खडकावर उभं करून दाखवलं होतं. त्या दिवशी दोघींनी बंदराचा सरकारी तक्ता बघून पाऊल टाकलं होतं. का, ते मी विचारलं नाही. मी तिच्या अंगठ्याला पट्टी बांधली आणि तिला पुन्हा एक व्याख्यान दिलं, या वेळी वयावर.

आता बावीस तारीख. नव्या तारांची गुंडाळी आणायला मी बोटीने निघालो होतो. समुद्र खवळलेला, माझं पोट तुम्हाला माहीत आहे, तासाभरात मी कठड्याला मिठी मारून उभा. लक्ष दुसरीकडे लागावं म्हणून फोन काढला आणि, का कोण जाणे, तुमचं पान उघडलं. (सांगायला शरम वाटते, वर्षभरात उघडलं नव्हतं.) बोटीवर फोनचं इंटरनेट होतं, आपल्या कंपनीचं नव्हतं, म्हणून ते उघडलं. बेटाचे अकरा किनारे, अकरा रकाने, सगळं जागच्या जागी. आणि वर तुमची नोटीस. 'या पानावर रोज साठ-पासष्ट जण येत. या महिन्यात दोन येतात. ज्यांना हे लागत होतं ते आता राहिलेले नसावेत, किंवा त्यांना याहून चांगलं काही मिळालं असावं. दोन्ही ठीक आहे. महिनाअखेर पान बंद होईल. इतकी वर्षं पाहिलंत, आभार.' आता जे लिहितो ते लिहू नये असं वाटतं, पण हे पत्र त्यासाठीच आहे. वाचल्या वाचल्या पहिल्या क्षणी मला थोडं बरं वाटलं. वाटलं, चला, मामाही म्हातारे झाले. मग 'या महिन्यात' हे शब्द पुन्हा वाचले आणि सहा तारीख आठवली. त्यानंतर कठड्यावर जे झालं त्याला सगळाच समुद्र जबाबदार नव्हता.

परत आल्यावर ऑफिसातून पान उघडून बघितलं, उघडेना. मर्यादा तीस, आणि तुमच्या पानाची वाट मी कागदावर एकेक दार लिहून मोजली. मामा, रागावू नका, पण असा चिकट माणूस मी पाहिला नाही! नाव एका फुकट ठिकाणाहून, त्याचा फलक दुसऱ्या फुकट ठिकाणी, तिथून बोट दाखवलंय तिसरीकडे, पान प्रत्यक्षात चौथ्याकडे, आणि या चौघांच्या दारवानांची नावं आणखी पाचव्या-सहाव्यांच्या अंगणात, की त्यांचा पत्ता पुन्हा वेगळा विचारा. चौतीस दारं झाली. तिसाव्या दारावरून आपला सर्व्हर मुकाट मागे फिरत होता आणि विचारणाऱ्याला 'सापडत नाही' म्हणून सांगत होता. (लगेच पुन्हा विचारलं तर अर्धी वाट आठवणीत असते, मग चार दारांसाठी अडायला नको, असं तुम्ही म्हणणार. मीही तेच म्हणालो. पण त्या फुकट्या दारवानांची उत्तरं वीस सेकंदांत शिळी होतात, आणि आपल्या बेटावरची माणसं नाही उघडलं तर आधी चष्मा पुसतात, मग टॅबलेट पुसतात, मग पुन्हा प्रयत्न करतात.) सगळ्या बेटावर, मोठमोठ्या कंपन्यांची सगळी पानं सुखरूप चालू असताना, तीस या आकड्याने अडवलेलं खरं पान एकच होतं, तुमचं.

मी तसाच होंग साहेबांकडे धावलो. साहेब म्हणाले, देवाने दिलेला आकडा माणसाने बदलायचा नाही, बदलायचा तर देवालाच विचार. काल दुपारी एकटाच देवळात गेलो. बी-युन काकूंना सगळं सांगितलं, तेव्हा त्यांनी झाडू भिंतीला टेकवला आणि मला असं झाडलं की देवळाची फरशी त्या मानाने कमीच झाडली जाते. म्हणाल्या, "त्या दिवशी तुझ्या साहेबाने काय विचारलं ते आठवतंय का? 'तीस बरोबर आहे, आणि मिरवणुकीपर्यंत पीडा जाईल ना?' एका कौलात दोन प्रश्न! देवाने हो कशाला म्हटलं? पीडा जाईल का, त्याला. गेली की नाही? मी सांगायला आले तर तुमचा पाय देवळात ठरेल तर ना! छप्पन्न वर्षांचा अध्यक्ष, आणि कौल लावता येत नाही." मी खाली मान घालून चंद्रकोरी घेतल्या आणि एकच प्रश्न विचारला, मर्यादा पुन्हा शंभर करू का? दोन्ही उताण्या. देव हसला. पुन्हा टाकल्या, पुन्हा हसला. मोजून अकरा वेळा हसला, मामा. माझे गुडघे सोलवटले. शेवटी काकू कंटाळून म्हणाल्या, "उत्तर माहीत असलेला प्रश्न घेऊन आलास, तर तो हसणार नाही तर काय रडेल? ऊठ. जा, काम कर. मला इथे पुसायचंय."

मी जाऊन मर्यादा शंभर केली. मग लाल कागदाची कड उचलून तुमची सातवी चिठ्ठी पुरती वाचली. खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ आहे, जी मी इतक्या वर्षांत वाचली नव्हती: 'गर्दी झाली तर विचारणाऱ्याला आवर घाल. प्रश्न तोडू नको.' एका घरातून मिनिटाला किती प्रश्न यावेत याला मर्यादा घालायची, बस. पाच मिनिटांचं काम. ते केलं आणि बंदरावरचे चाळीसही कॅमेरे गप्प बसले. ही ओळ मी सहा तारखेला वाचली असती तर तुमचं पान बंद व्हायची वेळ आली नसती आणि आईचा अंगठाही शाबूत असता. त्याहून सोपं म्हणजे, पाच वर्षांत कधीतरी तुम्हाला फोन केला असता. मला त्या जेवणाबद्दल वाईट वाटतं, मामा. तुम्ही बेट सोडून गेलात त्याचं कारण एकटं माझं ते वाक्य नव्हतं हे मला माहीत आहे, पण बोटीवर चढताना ते तुमच्या कानात असणार, आणि ते तिथे मी घातलं. मी चुकलो. माझ्या हातून झालेली चूक मी हाताने लिहिली आहे, तारीख वर घातली आहे, हवामान शक्य तितकं कमी ठेवलं आहे. मामींना नमस्कार सांगावा.

तुमचा अपराधी भाचा,
चिंग-युआन

ता. क. होंग साहेबांना यातलं काही कळवू नये. लाल कागद जागेवर आहे. साहेब रोज सकाळी येऊन 'तीस'ला उदबत्ती ओवाळतात आणि आत शंभर चालू आहे. देवाला हे ठाऊक आहे, त्यामुळे मी फार मनाला लावून घेतलेलं नाही.

ता. क. दुसरा. माफीसाठी लिहिलं असं वर म्हटलंय, पण खरं मागणं वेगळं आहे. पान बंद करू नका. तुम्ही म्हणाल, काल दुरुस्त झालं तर आज साठ माणसं का नाही आली? आली नाहीत, कारण अठरा दिवस दार लागलेलं पाहून लोक थकले आणि त्यांनी येणं सोडलं. काल संध्याकाळपासून मी घरोघर जाऊन सांगतोय की पुन्हा बघा. एकेचाळीस घरं झाली. त्यातल्या निम्म्यांनी मला विचारलं, 'म्हणजे तुझे मामा बरे आहेत ना? आम्हाला वाटलं, गेले.' गेले म्हणून तिघांनी उदबत्तीही लावली होती. पान महिनाअखेर बंद झालं तर त्यांची खात्रीच होईल.

ता. क. तिसरा. चौथ्या चिठ्ठीत तुम्ही लिहिलंय की कुठल्या घरातून काय विचारलं गेलं ते कधीही बघायचं नाही. मी ते बघितलं. या चुकीसाठी वेगळं पत्र लिहीन. अठरा दिवसांत तुमचं पान दोन हजारांवर वेळा विचारलं गेलं आणि तेवढ्याच वेळा आपण नाही म्हटलं. पहिल्या आठवड्यानंतर बहुतेक घरं गळाली. एक घर गळलं नाही. रोज पहाटे पाचला दहा कमी असताना तिथून प्रश्न येतो, न चुकता, ओहोटी असो नसो, पावसातही. एकट्या त्या घराचे दोनशे बारा. मागच्या नोंदी काढून बघितल्या तर तुम्ही गेलात त्या महिन्यापासून एकही सकाळ सुटलेली नाही. ते घर आमचं आहे, मामा. मी त्या वेळी झोपलेला असतो. आजोबांच्या नावाची देवघरातली पूजेची पाटी उचलून तुम्ही ताइतुंगला नेलीत त्या दिवसापासून जिने तुमचं नाव घेतलेलं नाही, जी तुम्हाला 'तो सीताफळवाला' म्हणते आणि समुद्रावरच्या माणसाला डोंगरात नेऊन कोंडलं म्हणून अजून भांडी आपटते, ती तुमची ताई रोज पहाटे तुमचं पान उघडून बसते. काय उघडत नाही ते मला सांगायचं तर तुमचं नाव घ्यावं लागलं असतं, म्हणून 'सगळंच' म्हणाली. हे तुम्हाला कळवलं असं तिला कधीही कळता कामा नये. हे पान वाचून फाडून टाकावं.

ता. क. चौथा. कळलं. पत्र घरी आणलं आणि पाकीट आणायला आतल्या खोलीत गेलो, तेवढ्यात आईने चष्मा लावून पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. मला वाटलं आता टेबल उलटणार. तिने पानं जुळवून टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "अक्षर फार किरटं आहे तुझं." मग मला खाली बसवून पुढचं लिहायला सांगितलं. शब्द तिचे आहेत, मी फक्त पेन धरलंय. 'देवळामागचा तुझा सोळा तारखेचा आकडा आज सकाळी बघितला. पान त्या दिवशी उघडलं असतं तरी आम्ही भिजलोच असतो. पाणी तुझ्या वेळेच्या दहा मिनिटं आधी फिरलं. दक्षिणेचा वारा असला की तू तो हिशोबात धरत नाहीस, लहानपणापासून धरत नाहीस. पोराने एवढी पानं रडून काढलीत, त्यातली निम्मी चूक तुझी आहे. आकडा दुरुस्त कर. पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेला मी पुन्हा खडकात जाणार आहे, त्याच्या आत कर.'